गोळी बंद करून लसणाची कॅप्सूल?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या आरोग्य पानावर कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या पदार्थांची यादी आली होती, त्यात ओट्स, लसूण, दालचिनी, हळद, फिश ऑइल, जवस, रेड यीस्ट राइस (लाल यीस्ट लावून आंबवलेला तांदूळ) सगळं एकाच पंगतीत बसवलंय. मिरजेत माझं मेडिकल आहे, सोमवारी सकाळपासून लोक ते कात्रण घेऊन काउंटरवर, म्हणून लिहितोय. एक रिटायर्ड गुरुजी, स्टेंट बसवलेले, चिठ्ठीतल्या रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही राहू दे, लसणाच्या कॅप्सूल दे." म्हटलं गुरुजी, आधी डॉक्टरांना फोन लावू का, तर म्हणे "पेपरात आलंय की!" आता बोला.

२०२२ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकनं हीच तुलना केली होती. रोसुवास्टॅटिनची फक्त ५ मिलिग्रॅमची गोळी एकीकडे आणि फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ), रेड यीस्ट राइस दुसरीकडे. २८ दिवसांत गोळीनं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जवळपास ३८ टक्के उतरलं, बाकी एकाचाही औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीपेक्षा धड फरक पडला नाही. पैसे त्या गोळीच्याच कंपनीचे होते हेही सांगून टाकतो, पण म्हणून लसणाची बाजू काही वर येत नाही. फिश ऑइल उतरवतं ते ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, एलडीएल नाही, आणि रिपोर्टात या दोन वेगळ्या ओळी असतात हे कोणी बघतच नाही.

याचा अर्थ खाण्यानं काहीच होत नाही असं नाही हं. आमच्याकडं फक्त पोट साफ व्हायला नेतात ते इसबगोल, ते खरं कामाचं. त्याची भुशी आतड्यात पाण्यानं फुगून बुळबुळीत होते, पित्त धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलंच कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. रोज १० ग्रॅमच्या आसपास घेतलं तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के कमी होतं. ओट्स आणि जव यांचंही असंच, पण त्यांच्यातलं बीटा ग्लुकन, म्हणजे बुळबुळीत होणारा तंतू, दिवसाला ३ ग्रॅम तरी पोटात जायला हवं, म्हणजे कोरडे ओट्स ७५ ग्रॅमच्या आसपास. चहाबरोबर दोन ओट्स बिस्किटं खाऊन ते होत नसतं, त्यात मैदा न् साखरच जास्त.

तेलाचं तर विचारूच नका. डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात 'कोलेस्टेरॉल फ्री', अहो कुठल्या शेंगदाण्यात न् करडईत कोलेस्टेरॉल असतं? ते प्राण्यांच्या पदार्थांतच असतं. खरा घोळ सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे एलडीएल वाढवणाऱ्या चरबीचा, आणि ते पाम तेलात निम्मं असतं, तेच वनस्पती तूप, खारी, टोस्टमधून रोज पोटात जातं. ते कमी करून शेंगतेल, करडई वापरली तर एलडीएल उतरतं, पण यादीत हे एका ओळीतही नव्हतं.

रेड यीस्ट राइसला तर तुम्ही 'नैसर्गिक' म्हटलंय. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे लोवास्टॅटिन, एक स्टॅटिनच, १९८७ पासून अमेरिकेत औषध म्हणून विकतात ते. बाटलीगणिक त्याचं प्रमाण वेगळं, कधी नसल्यासारखंच तर कधी भरपूर, आणि स्टॅटिनवर असलेल्यानं वर हेही घेतलं की डोस डबल, स्नायू दुखायला लागले की माणूस गुडघ्याचं तेल मागायला येतो. युरोपात २०२२ मध्ये त्यावर दिवसाला ३ मिलिग्रॅमच्या आतची मर्यादा घातली.

पुढच्या रविवारी एवढं तरी छापा: इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यावं नाहीतर घशात अडकतं, ते आणि बाकी गोळ्या यांत दोनेक तासांचं अंतर ठेवावं, आणि स्टेंटवाल्यांनी, अटॅक येऊन गेलेल्यांनी मनानं गोळी बंद करू नये. पहिल्या पानावर छापा, कॅप्सूलच्या जाहिरातीखाली नको.

एक मेडिकलवाला, मिरज