फॉर्म ७०० बंद झाला, आता विमानांचं काय?

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा हवाई दलप्रमुखांनी आपल्या हाती फॉर्म ७०० हे विमानाच्या देखभालीच्या नोंदींचं पुस्तक सोपवलं. मी घरी टीव्हीसमोर होतो. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी सगळ्यांनीच डोळे भरून पाहिली, पण मी खुर्चीतून पुढे सरकलो तो त्या पुस्तकासाठी. हवाई दलात बावीस वर्षं मी एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो. आयुष्यात केलेल्या सह्यांपैकी निम्म्याहून जास्त माझ्या फॉर्म ७०० वरच असतील. विमान तपासलं की आमची सही, मग ते ताब्यात घेताना वैमानिकाची सही. उतरल्यावर त्याने खोट लिहायची, आम्ही ती काढायची आणि पुन्हा सही करायची. ते पुस्तक ज्याच्या हातात, त्याच्याकडे विमानाचा जिम्मा, असं आम्ही समजत आलो. समारंभात ते प्रतीक म्हणून दिलं गेलं हे मला कळतं. तरीही जिम्मा आपल्याकडे आला आहे असं धरूनच हे पत्र लिहितो आहे.

आम्हा नाशिककरांना मिग-२१ घरचं. सांगाडा ओझरच्या कारखान्यात, इंजिन कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी सहाशेहून अधिक विमानं या देशात बनली. १९६३ पासून मिग-२१ आपल्या हवाई दलात होतं. आता त्यांतल्या काहींना संग्रहालयात जागा मिळेल, काही प्रशिक्षण संस्थांकडे जातील, काही चौकाचौकांत खांबावर चढतील आणि उरलेली भंगारात जातील. भंगाराबद्दल माझी तक्रार नाही. सगळीच विमानं ठेवता येत नाहीत. मला धास्ती आहे ती खांबावरच्यांची.

दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या बागेत नातवाला घेऊन गेलो होतो. तिथे एक नॅट, हवाई दलाचं जुनं छोटं लढाऊ विमान, उभं आहे. शहराचं नाव लिहीत नाही; दोष एकट्या त्या बागेचा नाही. नुकताच रंग दिलेला, लांबून विमान झकास दिसत होतं. जवळ जाऊन सवयीने पोटाखाली हात फिरवला. पंखाच्या मुळाशी रंगाला फुगा आला होता. अंगठ्याने दाबला तर तो पापडासारखा मोडला आणि आतून पांढरी भुकटी गळाली. खालचा पत्रा भिजलेल्या वहीसारखा पदर सुटून फुगला होता. पोटाखाली पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ड्रेन होल. ती सगळी रंगाने बुजलेली. म्हणजे कॅनोपीच्या, वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. नातू म्हणाला, "आजोबा, याच्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय." कॅनोपी उन्हाने तडकून दुधाळ झाली होती. इंजिनात हवा जाते त्या तोंडात पारव्यांचा संसार.

हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, हे मी पुन्हा सांगतो. रंगाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. विमानाचा पत्रा म्हणजे तांबं मिसळलेला ॲल्युमिनियम. मजबूत, पण गंजाला हळवा. म्हणून त्याच्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा कागदाहून पातळ थर चढवलेला असतो. रंग नीट बसावा म्हणून कंत्राटदार आधी ग्राइंडर फिरवतो आणि नेमका तोच थर निघून जातो. त्यात पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले. मध्ये पाणी साचलं की तिथे बॅटरीच तयार होते आणि त्या बॅटरीत खर्ची पडतो तो ॲल्युमिनियम. मॅग्नेशियमचे भाग तर त्याही आधी विरघळतात. वरून झगझगीत ऑइल पेंट आणि आतून हा कारभार. खांबावर चढवताना पोट कापून आतल्या सांगाड्याला पाइप वेल्ड केलेला असेल, तर पुढे कोणाच्या मनात आलं तरी ते विमान नीट करता येत नाही.

नॅटचंच घ्या. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं चालून आली तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊनच उडाले. हवाई दलाच्या वाट्याला आलेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. दुसरं एक नॅट सप्टेंबर १९६५ मध्ये पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि पाकिस्तानच्या हाती लागलं. ते आज कराचीच्या संग्रहालयात आहे. त्यांनी ते जिंकलेली वस्तू म्हणून ठेवलं आहे, हे उघड आहे. पण ठेवलं आहे!

आता कायद्याकडे येतो, कारण खरं दुखणं तिथेच आहे असं माझं मत झालं आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे वस्तू शंभर वर्षांची झाल्याशिवाय पुरावस्तू ठरत नाही. हस्तलिखितांना पंच्याहत्तर वर्षांची सवलत आहे. विमानाला कसलीच नाही. आपलं हवाई दल १९३२ चं. त्याची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीत ड्रिग रोडला चार वापिती विमानांवर उभी राहिली. जगात पूर्ण रूपात उरलेलं एकमेव वापिती आज दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे आणि कायद्याच्या नजरेत ते सरकारी मालमत्तेतलं एक जुनं सामान आहे. मूर्ती देशाबाहेर जाऊ लागली तर कस्टम्सवाले अडवतात. विमान अडवायला या कायद्यात कलमच नाही.

आणि विमानं गेलेली आहेत. लिबरेटरची गोष्ट आपल्याला माहीत असेलही, पण मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरला ही चार इंजिनांची अजस्र बॉम्बफेकी विमानं पडून होती. अमेरिकेने उसनवारीच्या करारावर दिलेली. पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून जाणाऱ्या ब्रिटिशांनी मुद्दाम मोडतोड केलेली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला जड बॉम्बर हवे होते आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातून एकेक विमान उचललं. इकडचा भाग तिकडे, तिकडचा इकडे करत उडण्यापुरतं शहाणं केलं आणि थेट बंगळूरला उडवत नेलं. तिथे त्यांची पक्की डागडुजी झाली. १९४८ मध्ये त्यांवर पाच नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली आणि १९६८ पर्यंत ती विमानं चालली. जगाने भंगार म्हणून टाकलेलं आपण वीस वर्षं उडवलं.

पुढे काय झालं? तोवर बाकी जगाने आपली लिबरेटर वितळवून टाकली होती. तेव्हा संग्रहालयवाले आपल्या दारात आले. आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलं लिबरेटर भारतातून गेलेलं आहे. अमेरिकेत ॲरिझोनातलं इथूनच उडत गेलं. कॅनडात ऑटावाला आहे तेही आपलं. त्याच्या बदल्यात आलेलं लायसँडर विमान पालमला उभं आहे. ही अदलाबदल मला तरी शहाणपणाची वाटते. एक आपल्यालाही राहिलं, तेही पालमलाच. पण टेंपेस्ट लढाऊ विमानांचे सांगाडेसुद्धा इथून ब्रिटनला गेले, तिथे दुरुस्त झाले आणि आता तिथल्या वैभवात मोडतात. जर्मन अभियंता कुर्ट टँकने आखलेल्या आपल्या मारुत लढाऊ विमानाने १७ जून १९६१ ला बंगळूरला पहिलं उड्डाण केलं. त्यातलं एक म्युनिकजवळ जर्मनांनी ठेवलं आहे. ते गेले याचं मला वाईट वाटत नाही, उलट तिथे नीट आहेत. वाईट याचं वाटतं की काय द्यायचं आणि काय ठेवायचं हे ठरवायला आपल्याकडे साधी यादीसुद्धा समोर नसते.

म्हणून माझी पहिली मागणी फार स्वस्त आहे. देशात, खांबावर, बागेत, महाविद्यालयात, छावणीच्या फाटकापाशी, जिथे जिथे निवृत्त लष्करी विमान उभं आहे त्याची नोंदवही करा. क्रमांक, प्रकार, कुठल्या स्क्वाड्रनचं, आज काय अवस्था. मारुतवर कुठला क्रमांक रंगवला आहे आणि तो खरा आहे का, इतकं तरी कळेल. रंगाऱ्याने मनाने घातलेले क्रमांक मी पाहिले आहेत. लढाईत गेलेल्या विमानाचा क्रमांक कुठल्या तरी प्रशिक्षण विमानावर चढवला की शंभर वर्षांनी इतिहासकार डोकं धरून बसणार.

नोंद झाली की निवड करता येईल. व्हँपायरसारखी विमानं आधी छपराखाली घ्या. आपलं पहिलं जेट १९४८ चं, पण त्याच्या नाकाकडचं धड प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचं आहे. पावसात ठेवलेलं लाकडी दार किती वर्षं टिकतं? कानपूर-१ सारखं, एकच बनलेलं, विमान तर वाऱ्यालाही लागू देऊ नये. चंडीगडच्या ज्या वारसा केंद्रात त्याला जागा मिळाली ते आपणच ८ मे २०२३ ला खुलं केलंत. धातूची विमानं उघड्यावर ठेवावीच लागली तर चाकांवरचा भार जॅकवर घ्या, ड्रेन होल उघडी ठेवा, कॅनोपीला पांढरी ताडपत्री घाला. आणि कुठलंही विमान संस्थेला देताना करारात लिहा: रंगाआधी तंत्रज्ञाला विचारायचं, वर्षातून एकदा तपासणी करून घ्यायची, जमत नसेल तर विमान परत. इजेक्शन सीटची (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची) काडतुसं काढल्याचा दाखला आणि जुन्या घड्याळांवरच्या रेडियमच्या रंगाची तपासणीही त्यातच. मुलं कॉकपिटमध्ये बसतात.

उडवायची कुठली, हा वाद आमच्यात कायम होतो. माझं मत सांगतो. टायगर मॉथ, हार्वर्ड, डकोटा जरूर उडवा. दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावरची व्हिंटेज फ्लाइट, जुनी विमानं उडवणारी तुकडी, ते करते आहे आणि आकाशात हार्वर्डचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. या विमानांची भावंडं जगात पुष्कळ आहेत, सुटे भाग मिळतात. पण उडवायचं म्हणजे जुना भाग काढून नवा घालायचा. दहा वर्षांनी मूळ किती उरतं? वापितीला म्हणून हातही लावू नये.

डकोटाचा विषय निघालाच आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन डकोटा श्रीनगरला उतरली, त्याची आठवण म्हणून 'परशुराम' हे डकोटा २०१८ मध्ये हिंडनला आलं. सुंदर काम झालं आहे. पण ते झालं ब्रिटनमध्ये. १९४८ मध्ये मोडलेली लिबरेटर उभी करणाऱ्या देशाला २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या डकोटासाठी परदेशी जावं लागलं. अक्कल कमी पडली असं मी मानत नाही. कामाला लागणारे हात एका छपराखाली कधी आणलेच नाहीत.

ते हात अजून आहेत. नाशिक, कानपूर, बंगळूर, चंडीगड इथे माझ्यासारखे शेकडो निवृत्त फिटर, शीट मेटलवाले, रिगर, इंजिनवाले बसून आहेत. पुस्तकात नसलेलं त्यांना ठाऊक आहे: कुठला पॅनेल आधी उघडायचा, कुठला रिव्हेट ऐनवेळी दगा देतो, हे विमान कुठे गळतं. माझ्याबरोबर मिगवर काम केलेले दोन जण या वर्षी गेले. मंत्रालयाने एकच दुरुस्ती कार्यशाळा काढावी आणि आम्हाला मानधनावर बोलवावं. मानधन नसलं तरी येऊ, पण आयटीआयची दहा पोरं बरोबर द्या, म्हणजे शिकवता येईल.

होत नाही असं म्हणवत नाही, कारण होताना पाहिलं आहे. नौदलाचं टीयू-१४२ हे प्रचंड विमान २०१७ मध्ये विशाखापट्टणमला सुटं करून समुद्रकिनारी नेलं, पुन्हा जोडलं आणि त्याच वर्षी लोकांसाठी खुलं केलं. आणि आम्ही मुंबईत जुनी विमानवाहू नौका विक्रांतही पाहिली आहे. अकरा वर्षं तरंगतं संग्रहालय होती, २०१४ मध्ये तोडली. तिचं पोलाद मोटारसायकलच्या टाकीत गेलं. दुसरी विमानवाहू नौका विराटसाठी सिंधुदुर्गात निवतीला ८५२ कोटींचा आराखडा मंजूर झाला, आणि २०२० मध्ये ती अलंगला जहाजतोडणीसाठी पोचली. जहाज फार मोठं, खर्चिक. तो सवाल वेगळा आहे हे मान्य. नॅट तर माझ्या अंगणात मावेल.

महोदय, समिती नेमायला वेळ लागेल, कायद्यातली शंभर वर्षांची अट बदलायला त्याहून जास्त. तोवर एक परिपत्रक तेवढं काढा. ज्यांच्या ताब्यात विमानं आहेत त्यांनी या जूनच्या आत पोटाखालची भोकं तारेने मोकळी करून घ्यावीत. विमानामागे अर्ध्या तासाचं काम आहे. कोणी माणूस नाही म्हणालं तर मला कळवा, तार घेऊन मी जातो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर
जि. नाशिक