दोन सादी कार्नो

महोदय,

भौतिकशास्त्राच्या एका गाइडमध्ये कार्नो चक्राच्या आकृतीशेजारी काळ्याभोर दाढीच्या गृहस्थांचा फोटो पाहिला आणि वाईट वाटले. ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो. १८९४ मध्ये लियाँ शहरात त्यांची भोसकून हत्या झाली.

उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाची कमाल कार्यक्षमता कशावर ठरते हे सांगणारे सादी कार्नो त्यांचे सख्खे काका. पुतण्याच्या जन्माआधीच, १८३२ मध्ये, ते ३६व्या वर्षी कॉलऱ्याने गेले. संसर्गाच्या भीतीने त्यांचे बरेचसे कागदही नष्ट झाले. हाती उरले ते मुख्यतः १८२४ चे एक छोटेखानी पुस्तक आणि सतराव्या वर्षी काढलेले, एकोल पॉलितेक्निकच्या गणवेशातले चित्र. कोवळा, बिनदाढीचा चेहरा! वडील लाझार कार्नो गणिती, शिवाय राज्यक्रांतीच्या सैन्याची घडी बसवणारे. शिराझच्या फारसी कवी सादींवरून त्यांनी मुलाचे नाव ठेवले, हे मी वर्गात आवर्जून सांगत असे.

इतक्या लवकर गेलेल्या माणसाचा चेहरा तरी त्याचाच छापावा. पुढच्या आवृत्तीत संबंधितांनी फोटो बदलावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका