'मेडिकल पेडिक्युअर' या नावाखाली विकलेल्या सेवेबद्दल तक्रार

दि. 4 ऑगस्ट 2025
पुणे

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: 7 जून 2025 रोजी आपल्या सलूनच्या कोथरूड शाखेत माझ्या आईच्या पायाला झालेली इजा, आणि आपल्या जाहिरातीतला 'पोडियाट्रिस्ट' (पायांच्या विकारांवर उपचार करणारा तज्ज्ञ) हा शब्द.

महोदय / महोदया,

आपल्या व्हॉट्सअॅपवरच्या यंत्राला मी हे सगळं तीनदा सांगून झालं आहे. त्यानं तिन्ही वेळा 'तुमच्या भावना आम्ही समजू शकतो' असं कळवलं आणि शेवटी पुढच्या पेडिक्युअरवर 50 टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. म्हणून आता कागदावर लिहिते आहे. कागद निदान कुणीतरी हातात धरून वाचतं.

माझी आई 68 वर्षांची आहे. गेली 19 वर्षं तिला मधुमेह आहे. गुडघ्यांमुळे तिला खाली वाकता येत नाही. टाचांना भेगा आहेत, अंगठ्याखाली घट्टा आहे आणि उजव्या अंगठ्याचं नख जाड होऊन कडेनं आत वळलं आहे. पालख्या पुण्यात आल्या की ती दरवर्षी वारकऱ्यांबरोबर हडपसरपर्यंत चालते. त्याआधी पाय नीट करून घ्यावेत, एवढाच आमचा विचार होता. आपल्या शाखेच्या काचेवर पाटी होती: 'मेडिकल पेडिक्युअर. पोडियाट्रिस्ट-प्रमाणित. मधुमेही व ज्येष्ठांसाठी सुरक्षित.' किंमत 1,799 रुपये. साध्या पेडिक्युअरच्या दुपटीहून जास्त. जास्तीचे पैसे मी त्या पाटीकडे बघून मोजले.

आत काय झालं ते मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिलं आहे. आधी एका टॅबवर आईची बोटानं सही घेतली. मजकूर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आई मराठी शाळेत 31 वर्षं शिकवत होती, तिला मराठीत विचारलं असतं तर तिनं तिची सगळी औषधं वेळेसकट सांगितली असती. कुणी विचारलं नाही. मग तिचे पाय बुडबुड्यांच्या टबात वीस मिनिटं ठेवले. बाहेर काढले तेव्हा ते घोट्यापर्यंत लाल झाले होते. आईला विचारलं, पाणी फार गरम होतं का? ती म्हणाली, छान कोमट होतं. तेव्हा मला काही खटकलं नाही. आता कळतं की तिच्या तळव्यांना गरम-गार नीट समजतच नाही, आणि मधुमेही माणसाचे पाय असे भिजत घालू नयेत हे पायांची काळजी घेणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात.

त्यानंतर टाचेवर वजरी नाही, ब्लेड चाललं. पत्र्याच्या खोबणीत बसवलेलं, दाढीच्या पात्यासारखं. मऊ झालेल्या कातडीचे पापुद्रे निघत होते आणि आपल्याकडची मुलगी कौतुकानं दाखवत होती, बघा किती निघालं. मग नख. ते सरळ कापायचं सोडून दोन्ही कोपरे टोकदार हत्यारानं खोल कोरून काढले, नखाच्या मुळाशी असलेली कातडीही कापली. उजव्या अंगठ्यातून रक्त आलं. आणि तेव्हा, रक्त आल्यावर, त्या मुलीनं घाबरून विचारलं, "आजी, तुम्हाला शुगर आहे का?"

हा प्रश्न योग्य होता. फक्त एक तास उशिरा आला.

व्यवस्थापिका आल्या, "थोडं लागतंच, मॅडम" म्हणाल्या, स्पिरिटचा बोळा दाबला आणि वरून मरून रंगाचं नेलपॉलिश लावायला सांगितलं. आईला दुखलं नाही, त्यामुळे तिची तक्रारही नव्हती. उलट येताना रिक्षात पाय पुढे करून बघत होती.

10 जूनला वटपौर्णिमा होती. आपल्याकडे काढून ठेवलेली जोडवी तिच्या पायात घालायला मी खाली बसले, तेव्हा वास आला. अंगठा टरारून सुजला होता आणि नखाच्या कडेनं पू येत होता. नखाचा रंग पाहावा तर वर आपलं नेलपॉलिश. साखर तपासली, 312. आमच्या डॉक्टरांनी संध्याकाळीच मधुमेही पायांच्या क्लिनिकमध्ये पाठवलं. नखुरडं झालं होतं. कोपरा कोरताना नखाचा एक अणकुचीदार तुकडा आतच राहिला होता आणि तो मांसात रुतत चालला होता. अंगठा बधिर करून कडेचं नख काढावं लागलं. अकरा ड्रेसिंग झाली, साधारण पाच आठवडे गेले. पालख्या आल्या त्या दिवशी आई गॅलरीत पाय उशीवर ठेवून टीव्हीवर वारी बघत होती. याची किंमत मी खाली मागितलेली नाही, कारण ती मला लावता येत नाही.

जिवावरचं शेपटावर निभावतं म्हणतात, आमचं नखावर निभावलं. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं की आणखी चार-पाच दिवस गेले असते तर जंतुसंसर्ग हाडापर्यंत जाऊ शकला असता.

आता त्या शब्दाकडे येते, कारण माझी खरी तक्रार त्याबद्दल आहे. आईला पाठवलं त्या क्लिनिकमध्ये एक पोडियाट्रिस्ट आहेत. आपल्या देशात असे लोक मोजकेच, म्हणून मी त्यांचं काम नीट पाहिलं. आईच्या नखाला हात लावण्याआधी त्यांनी अर्धा तास फक्त प्रश्न आणि तपासण्या केल्या. किती वर्षं साखर, तीन महिन्यांची सरासरी किती, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत का, पूर्वी जखम चिघळली होती का. मग एक बारीक नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. तो 10 ग्रॅम दाबाला वाकतो, आणि तो टेकलेला कळला नाही तर त्या जागेची जाणीव गेलेली असते. आईला डोळे मिटून सांगायचं होतं. दहापैकी सहा ठिकाणी ती गप्प राहिली. मी तिथं बसून ते मोजलं आणि रिक्षात कौतुकानं पाहिलेले ते पाय मला आठवले. पुढे कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) जाणीव तपासायला अंगठ्याच्या हाडावर ठेवला, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी पाहिली, डॉपलर नावाच्या यंत्रानं रक्तप्रवाह ऐकला. चपलासुद्धा उलट्या करून तळ कुठे झिजलाय ते पाहिलं. अंगठ्याखालचा घट्टा तिथल्या दाबामुळे येतो, तो नुसता खरवडला तर पुन्हा येणार, म्हणून एमसीआर या मऊ रबराच्या चपला करायला सांगितल्या. नख जाड होण्यामागे बुरशी आहे का हे पाहायला कात्रण प्रयोगशाळेत पाठवलं.

पाणी कुठेही नव्हतं. सगळं कोरडं काम. हत्यारं सीलबंद पिशवीतून आमच्यासमोर काढली आणि पिशवीवरची पट्टी रंग बदललेली दाखवली, म्हणजे ती वाफेत निर्जंतुक होऊन आली आहेत. बाकीची नखं सरळ कापली, कोपरे तसेच ठेवले. फी 900 रुपये. आपल्या निम्मी.

आपल्या शाखेत हत्यारं निळ्या दिव्याच्या पेटीतून निघाली होती. त्या दिव्याचा प्रकाश पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो, चिमट्याच्या सांध्यात अडकलेल्या घाणीला तो काही करत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर, दाबाखालच्या वाफेत, निदान पंधरा मिनिटं हत्यारं राहतात, ती गोष्ट वेगळी. टबाबद्दलही विचारायचं आहे. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविल गावात एकाच नेल सलूनच्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवं उठली होती. कारण सापडलं फिरत्या पाण्याच्या टबांमध्ये: पाणी ओढून घेणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडी साचली होती आणि तिथं मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जंतू वाढला होता. आपल्या टबांच्या जाळ्या शेवटच्या कधी उघडल्या, याची नोंद असल्यास तिची प्रत द्यावी.

पेडिक्युअरला माझा विरोध नाही. मी स्वतः दिवाळीआधी आणि लग्नसराईत करून घेते. निरोगी पायांना स्वच्छ करणं, क्रीम चोळणं, रंग लावणं, हे चांगलं काम आहे आणि पैसे देऊन करून घेण्यासारखं आहे. माझ्या आजोळी नाभिक काका धोकटीतून नराणी काढून आजोबांची नखं काढायचे, आणि काय सफाईनं काढायचे! पण त्यांनी कधी दारावर डॉक्टरचा बोर्ड लावला नाही. ब्रिटनमध्ये तर पोडियाट्रिस्ट हे पदनाम कायद्यानं राखलेलं आहे, नोंदणी नसताना ते लावणं गुन्हा ठरतो. आपल्याकडे तेवढी कडक व्यवस्था नाही, म्हणून तो शब्द काचेवर फुकट चिकटवता येतो, असं आपण समजलात का?

शाखेला मी 'प्रमाणित' म्हणजे कुणी प्रमाणित केलं, असं विचारलं. त्यांनी एक प्रमाणपत्र पाठवलं. ते क्रीम विकणाऱ्या कंपनीच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचं आहे. त्यावर एकाही पोडियाट्रिस्टचं नाव नाही.

आता माझ्या मागण्या. नखाची शस्त्रक्रिया 6,500, ड्रेसिंग 3,850, औषधं 2,940, तपासण्या 1,700 आणि आपले 1,799, असे एकूण 16,789 रुपये परत मिळावेत. काचेवरून आणि अॅपवरून 'मेडिकल', 'पोडियाट्रिस्ट-प्रमाणित' आणि 'मधुमेहींसाठी सुरक्षित' हे तिन्ही शब्द काढावेत. नाहीतर कोण पोडियाट्रिस्ट, कुठल्या शाखेत, कुठल्या वेळी बसतात ते लिहावं. टबात पाय बुडवण्याआधी प्रत्येक ग्राहकाला साखर, पायांची बधिरता आणि जखमा यांबद्दल मराठीत विचारावं, आणि उत्तर 'हो' असेल तर ब्लेड, कोरणं आणि भिजवणं सोडून, नम्रपणे डॉक्टरकडे पाठवावं. आपलं गिऱ्हाईक त्यामुळे तुटणार नाही. मला त्या दिवशी कुणी असं परत पाठवलं असतं तर मी जन्मभर आपलीच ग्राहक राहिले असते.

एक विनंती वेगळी. त्या मुलीला कामावरून काढू नये. तिला जेवढं शिकवलं तेवढं तिनं केलं, आणि त्या खोलीत साखरेबद्दल विचारणारी ती एकटीच होती. दिवसाला आठ-नऊ जणींचे पाय करते, असं ती आईला सांगत होती. शिकवायचं असेल तर तिला शिकवा.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात यांबद्दल मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आधीच नोंदवली आहे. टॅबवरच्या सहीचा आधार आपण घ्याल हे मला माहीत आहे. तो मजकूर आईला वाचून कुणी दाखवला, त्या व्यक्तीचं नाव उत्तरात कळवावं.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, क्लिनिकचे कागद व बिलं, काचेवरच्या पाटीचा फोटो, 10 जूनचा अंगठ्याचा फोटो (जेवणाआधी पाहू नये), आणि 50 टक्के सवलतीचं कूपन, न वापरलेलं.