डायनासोरच्या बिघाडाचा पुरावा कुलपात ठेवू नका

माननीय पर्यटनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या एका थीम पार्कमध्ये मी हलत्या पुतळ्यांच्या देखभालीचं काम करतो. तिथला मोठा डायनासोर बंद आहे. मान वळवायची, जबडा उघडायचा, पाय आपटायचा, एवढंच त्याचं काम. पण मुलं त्याच्यासाठीच हट्ट धरायची. आता त्याच्यासमोर दोरी बांधली आहे आणि दुरुस्तीचं भिजत घोंगडं पडलंय.

बिघाड डोळ्यांना दिसतो. मानेच्या बुडाशी सिलिकॉनची कातडी घडी पडते तिथेच फाटली आहे. ती बाजूला केली की आत हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर मान हलवणाऱ्या) सिलिंडरचं सील गळताना दिसतं. ऑइलमध्ये धूळ बसून काळा चिकट थर झालाय. तो पुसला की मानेला आधार देणाऱ्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर केसाएवढी चीर दिसते. दर मिनिटाला एकदा मान फिरली, तर दहा तासांत ६०० वेळा, वर्षाला दोन लाखांहून जास्त वेळा. एवढ्या हेलकाव्यांनी पोलाद थकतं, आणि मान प्रत्येक वेळी झटका देऊन थांबत असेल तर फार लवकर थकतं.

झटका कशामुळे, यावरच भांडण आहे. पुरवठादार म्हणतो, तुम्ही वेग वाढवलात, ठरल्यापेक्षा जास्त तास चालवलंत, वॉरंटी लागू नाही. व्यवस्थापन म्हणतं, ब्रॅकेटच कमकुवत दिला. वेग, दाब आणि तासांच्या नोंदी कंट्रोल पॅनलमध्ये आहेत, पण पासवर्ड पुरवठादाराकडे. आराखडेही त्याच्याकडेच. ज्याच्यावर आक्षेप, त्याच्याच हाती पुरावा! पत्र लिहायला बसलो ते याच संतापाने. नोंदी उघडल्यावर चूक आमच्या पार्कची निघाली, तर तीही निघू दे.

हे फक्त लहान पार्कचं दुखणं नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ॲनिमल किंग्डममध्ये एक्सपिडिशन एव्हरेस्ट ही कृत्रिम डोंगरातून रुळांवर धावणारी राइड २००६ साली सुरू झाली. तिच्यातला सुमारे २५ फुटी यती, म्हणजे हिममानवाचा हलता पुतळा, काही काळातच हलायचा थांबला. तेव्हापासून लखलखत्या दिव्यांनी तो हलल्याचा भास करून दिला जातो. राइडचे मुख्य रचनाकार जो रोडी यांनी यती दुरुस्त करण्याचं जाहीर आश्वासन दिलं होतं, पण २०२१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हाही यती तसाच होता. भोवती डोंगर आणि रुळांचे सांगाडे उभे असले की एवढ्या अवजड यंत्रापर्यंत क्रेन नेणंच मुश्किल होतं. निविदेत पुतळ्याची उंची विचारतात, तो बाहेर कसा काढणार हे कोणी विचारत नाही.

म्हणून यापुढच्या प्रत्येक करारात आराखडे, कंट्रोल प्रोग्रॅम आणि पासवर्ड सुपूर्द केल्याशिवाय शेवटचं देयक देऊ नये, अशी अट घाला. चालू तासांच्या नोंदीवर दोन्ही पक्षांची दरमहा सही हवी. वाद झालाच तर त्रयस्थ अभियंत्याची नेमणूक किती दिवसांत होईल, हे आधीच लिहिलेलं असावं.

आमच्या डायनासोरचं मात्र तातडीचं आहे. ब्रॅकेट कापून नवा बसवायची घाई दोन्ही बाजूंना आहे. त्याआधी सगळ्यांसमोर चिरेचे फोटो घ्यावेत, कापलेला तुकडा सीलबंद करून धातू तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवावा आणि पॅनलमधल्या नोंदींची प्रत आपल्या विभागाने ताब्यात घ्यावी. नवं वेल्डिंग झालं की ती चीर पुन्हा कुणालाच तपासता येणार नाही. तसा लेखी आदेश याच आठवड्यात काढावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक देखभाल तंत्रज्ञ