मिरजेच्या कॅज्युअल्टीतल्या त्या रात्रीच्या डॉक्टरांना

डॉक्टर,

तुम्हाला मी आठवत असेन का, माहीत नाही. तासगाव तालुक्यातल्या शाळेची बाई, गेल्या ऑक्टोबरात नवऱ्याला बोलेरोत मागे आडवं निजवून आणलेली. तुमची परवानगी घेतलेली नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पण पत्र उघड लिहिते आहे, ते बागायतदारांच्या घराघरांत वाचलं जावं म्हणून.

छाटणी होऊन द्राक्षाची बाग पोंग्यात होती, म्हणजे कोंब फुटत होते. रात्री पाऊस झाला आणि डाऊनी रोगाच्या धास्तीने हे सकाळीच फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत गेले. अकराच्या सुमारास बांधावर बसले आणि म्हणाले, सगळं फिरतंय. मग उलट्या सुरू झाल्या. गडी म्हणाला, औषध बाधलंय. सासूबाई म्हणाल्या, उपाशी पोटी गेला, पित्त खवळलं. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, चक्करीचं इंजेक्शन दिलं आणि झोपू द्या म्हणून सांगितलं. दुपारी बोलणं जड झालं, ती इंजेक्शनची गुंगी असेल असं मी धरून चालले. तोंड वाकडं नव्हतं, हात-पाय हलत होते. लकव्याच्या ज्या खुणा मी वर्गात मुलांना सांगते, त्यातली एकही मला दिसली नाही. संडासला नेताना ते दारूड्यासारखे एका बाजूला कलत होते, आणि तेवढ्याने मला जागं व्हायला हवं होतं. संध्याकाळी हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटायला लागले, तेव्हा दिराने गाडी काढली.

सात वाजले होते. फवारणीचं औषध बाधलंय, असं मी दारातूनच सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तरीही त्यांना स्वतः तपासलंत. घाम नाही, लाळ नाही, विषबाधेचं चित्र जुळत नाही, असं पुटपुटलात. पापण्या उचलून बोट इकडून तिकडे फिरवलंत. एक डोळा बोटामागे येत होता, दुसरा मध्येच अडकत होता. माझं बोट पकडा म्हणालात, तर त्यांचा हात बोटाच्या पलीकडे जाऊन हवेत चाचपडत राहिला. तो हात मी अजून विसरलेले नाही.

मेंदूच्या साध्या सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही. मी हात जोडले, सुटलो एकदाचे असं वाटलं. तुम्ही मात्र तिथे थांबला नाहीत. “ताई, मेंदूच्या मागच्या भागातला लकव्याचा झटका साध्या सीटीत सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. मला रक्तवाहिन्या बघायच्यात,” म्हणालात. डॉक्टर, माझे आभार आहेत ते या वाक्याचे.

रंग सोडून काढलेल्या त्या अँजिओग्राफीत गुठळी सापडली. मानेतून वर चढणाऱ्या दोन धमन्या कवटीत एक होतात, ती बॅसिलर धमनी, तीच बंद होती. तुम्ही दिराला विचारलंत, बाग आहे ना? मग म्हणालात, घडाचा देठ असतो तसा मेंदूचा देठ असतो, त्याला रक्त देते ती ही धमनी. श्वास, गिळणं, शुद्ध, सगळं त्या देठातून चालतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, ती वेळ टळली होती. पण जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन गुठळी ओढून काढता येते. आत रक्तस्राव होण्याचा धोका आहे आणि हे वाचतीलच असं सांगता येत नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. खोटा दिलासा दिला असतात तर सही करताना माझा हात इतका स्थिर राहिला नसता.

नंतर मुलाने शोधून वाचून दाखवलं. अशा रुग्णांत गुठळी काढण्याचा फायदा होतो की नाही, याचा आधीच्या चाचण्यांतून स्पष्ट निकाल लागत नव्हता. तो लागला 2022 साली, चीनमधल्या दोन अभ्यासांतून. एकात झटक्यानंतर 6 ते 24 तासांत आलेले 217 रुग्ण होते. तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी चालू शकणारे, गुठळी काढलेल्यांत 46 टक्के आणि नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत 24 टक्के. म्हणजे काढूनही निम्म्याहून जास्त लोक त्या गटात बसले नाहीत. ते वाचून मी देवघरात जाऊन बसले. आम्ही आठव्या तासाला पोचलो होतो, डॉक्टर. सीटी नॉर्मल म्हणून तुम्ही वॉर्डात पाठवलं असतंत, तर पुढचे तासही तसेच गेले असते.

गुठळी काढून कॅथलॅबच्या दारातून बाहेर आलेल्या डॉक्टरांचे, पहाटे नळीतून कफ ओढणाऱ्या सिस्टरचे, गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्टचेही आमच्यावर उपकार आहेत. पण त्या सगळ्यांपर्यंत आम्हाला तुम्ही पोचवलंत.

आता हे काठी घेऊन बांधापर्यंत जातात. संध्याकाळी थकले की एकाच्या दोन ओळी दिसतात, मग एक डोळा झाकून घड मोजतात. ब्लोअर आता मुलगा चालवतो. आमच्या गल्लीत कुणाला अचानक चक्कर आली आणि सोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा तोल गेला, तर आता कुणी कांदा हुंगवत बसत नाही, थेट 108 ला फोन करतात. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंसाठी केला. त्यांची चक्कर कानाच्या दुखण्याची निघाली, पण बघून तर घेतलं.

फेब्रुवारीत माल उतरेल. पहिली पेटी तुमच्यासाठी बाजूला काढायची, असं ह्यांनी आत्ताच बजावलंय, आणि ती घेऊन स्वतः यायचंय त्यांना. तुमची पाळी कधी असते, तेवढं कळवा. रात्रीची असली तरी येऊ.