दार माझे, नकारही माझाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या इमारतीत दोन बायका आल्या. एक पन्नाशीची, दुसरी तिची मुलगी शोभेल अशी. खांद्याला पिशवी, हातात मराठीत छापलेली पत्रके. ‘देवाच्या राज्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं,’ म्हणाल्या. मी म्हटले, ‘मी रोज हरिपाठ म्हणते, मला नको.’ ‘बरं आजी,’ एवढेच म्हणून त्या वळल्या. मोठ्या बाईंनी तेवढे प्यायला पाणी मागितले. ‘वर जाऊन या, आणते,’ म्हणून मी आत गेले. तांब्याभांडे घेऊन बाहेर येते तो वरच्या मजल्यावर आरडाओरडा.

चार-पाच जण जमले होते. एकाने पत्रके हिसकावून जिन्यात भिरकावली. दुसरा मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरून ‘नाव सांगा, गाव सांगा, पैसे कोण देतं?’ म्हणून दरडावत होता. धाकटी रडत होती. दोघी माझ्या दारावरून खाली उतरल्या, पाणी न पिताच गेल्या. संध्याकाळी तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला, सोबत ‘चांगला धडा शिकवला’ अशी ओळ आणि खाली अंगठ्यांची रांग. आता ठराव येतो आहे की, धर्माबद्दल बोलणाऱ्या कुणालाही फाटकातून आत सोडायचे नाही.

मला मिशनऱ्यांचा पुळका नाही. यजमान शेवटच्या आजारपणात रुग्णालयात होते तेव्हा एक गृहस्थ खाटेशी येऊन सांगू लागले, ‘आमच्याकडे प्रार्थनेला या, औषधं सुटतील.’ मरणाच्या दारातल्या माणसापुढे असे बोलणे मला आजही क्षम्य वाटत नाही. आमिष, धमकी, आजाऱ्याच्या असहायतेचा फायदा यांवर कायद्याने जरूर कारवाई व्हावी. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले आहे की, धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. पण प्रसाराचा हक्क त्याच निकालाने मान्य केला आहे, आणि राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात ‘प्रसार’ हा शब्द संविधान सभेत विरोध आणि चर्चा होऊन राहिलेला आहे. दारात उभे राहून ‘बोलू का?’ असे विचारणे आणि ‘नको’ म्हटल्यावर निघून जाणे यात आमिष कुठे आले?

आपल्याकडे हे नवे नाही. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी हिंदू धर्माची बाजू घेऊन मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत. जॉर्ज बोवेन यांच्यासारखे पाद्री समोर असत, भोवती गर्दी असे. सत्ता त्या पाद्रींच्या धर्मबांधवांची होती, तरी बुवांनी उत्तर दिले ते शब्दाने, प्रश्नाला प्रतिप्रश्न करून. आपल्या धर्माचा एवढा अभ्यास आणि एवढी खात्री असेल तर कुणाच्या हातची पत्रके हिसकावण्याची वेळ येत नाही.

त्या पत्रकांवर ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे नाव होते. याच पंथाची केरळमधली तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेपोटी गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले, आणि न्या. चिनप्पा रेड्डी यांनी निकालात लिहिले की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते. मी तीस वर्षे शाळेत शिकवले. ओठ मिटून उभी राहणारी ती मुले माझ्या वर्गात असती तर मी काय केले असते, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे.

सोसायटीचे आवार खासगी आहे, फाटकावर कुणाला अडवायचे हे समिती ठरवू शकते, हे मला मान्य आहे. पण समितीने माझ्या वतीने ऐकायचे नाकारू नये. अमेरिकेत ओहायोतल्या स्ट्रॅटन नावाच्या छोट्या गावाने दारोदार जाण्याआधी परवाना घेण्याची सक्ती केली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ती रद्द ठरवली. ज्याला नको असेल त्याने दारावर पाटी लावावी, दार उघडले तरी बोलायला नकार द्यावा, एवढे पुरे आहे असे न्यायालयाचे म्हणणे. हे आपल्याकडेही सहज जमेल. ज्यांना त्रास होतो त्यांनी ‘धर्मप्रचारकांनी बेल वाजवू नये’ अशी पाटी लावावी. ती पाहूनही कुणी बेल वाजवली तर मी स्वतः तक्रारीवर सही करीन. मात्र हाच नियम वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन येणाऱ्यांना आणि गीतेच्या प्रती विकणाऱ्या तरुणांनाही लागू हवा.

येत्या बैठकीत मी ठरावाला विरोध करणार आहे, आणि त्या दोघींचे चेहरे असलेला व्हिडिओ काढून टाकावा अशी लेखी मागणी देणार आहे. जिन्यात पडलेली पत्रके मी गोळा करून ठेवली आहेत, सात भरली. वस्तू त्यांची आहे. त्या पुन्हा या बाजूला आल्या तर परत द्यायची आहेत, आणि राहून गेलेले पाणीही.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक