बोडा शोधून देणाऱ्या मावशींना

मावशी,

तुमच्या हलबीतले आणि माझ्या चंद्रपूरच्या मराठीतले कितीतरी शब्द ओळखीचे निघायचे, उरलेलं आपण हिंदीवर आणि हातवाऱ्यांवर भागवलं. म्हणून हे पत्र मराठीतच लिहितेय. नात वाचून दाखवेल. अडली तर तिला म्हणावं, मला फोन कर.

पहिल्यांदा बस्तरच्या सालवनात आले तेव्हा मी काय शोधतेय हे तुम्हाला सांगताना माझीच तारांबळ उडाली होती. सालाच्या झाडाच्या बारीक मुळांच्या टोकांवर बुरशी मोज्यासारखी चढते. ती झाडाला मातीतलं पाणी, फॉस्फरस, नायट्रोजन आणून देते, झाड तिला साखर देतं. या जोडीला १८८५ साली जर्मनीतल्या फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मायकोरायझा असं नाव दिलं. तुम्ही बाजारात नेता तो बोडा हे अशाच एका बुरशीचं फळ. सगळं ऐकून तुम्ही म्हणालात, "साल तोडला की बोडा गेला. हे आम्हाला ठाऊक आहे."

मला त्याच्या पुढचं हवं होतं. त्या टोकात या घटकेला बुरशीची कोणती जनुकं चालू आहेत आणि झाडाची कोणती? जनुक चालू असलं की त्याच्या आरएनए प्रती निघतात, त्या मोजायच्या. पण मूळ तुटलं की काही मिनिटांतच दुखापतीची जनुकं जागी होतात. मग जोडीचा संसार राहतो बाजूला आणि आपण जखमेचा आरडाओरडा मोजत बसतो. पहिल्या वर्षी मी नेमकं तेच केलं. दिवसभर खणायचं, मुळं पिशवीत भरायची, रात्री मुक्कामी जाऊन धुवायची. प्रयोगशाळेत नळीच्या तळाशी चहाच्या गाळासारखा तपकिरी थर बसला (सालातलं टॅनिन, दुसरं काय), आणि आरएनए शाबूत असेल तर आलेखात दोन उंच सुळके दिसायला हवेत, तिथे नुसतं पसरट टेकाड. अख्खा हंगाम वाया. चूक सर्वस्वी माझी.

दुसऱ्या वर्षी तुम्ही मला कुदळ उचलूच दिली नाहीत. ओल्या जमिनीतली केसाएवढी भेग दाखवलीत, काडीने माती सारलीत, बोडा काढून नखाने फोडलात. आत पांढरा तर कोवळा, काळा तर म्हातारा. मग त्याच खळग्यात बोटं घालून मुळाचा माग काढत टोक मोकळं केलंत. मी शेजारी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचा डबा घेऊन बसलेली. मातीतून डब्यात जायला मिनिटसुद्धा लागत नव्हतं.

डीएनए तपासल्यावर त्यातली काही टोकं भलत्याच बुरशींची निघाली. मी बिचकत सांगितलं, तर तुम्ही हसलात. "एका घरात काय एकच माणूस राहतं?"

आणखी एक तुमचं वाक्य मी सगळ्यांना सांगते. लॅकेरिया बायकलर नावाच्या बुरशीची जनुकं २००८ साली पूर्ण वाचली गेली. मुळाशी जोडी जमताना ती एक छोटं प्रथिन बनवते, ते पॉप्लर नावाच्या झाडाच्या मुळाच्या पेशीत शिरतं आणि झाडाची बचावाची हाक दाबून ठेवतं. हे मी रंगवून सांगत होते. तुम्ही बोडा पुसता पुसता म्हणालात, "कुत्रं भुंकू नये म्हणून भाकरी टाकतात, तसं." वर्गात मला इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

तुम्ही मला दिलेल्या त्या सहा सकाळी ऐन हंगामातल्या होत्या. जगदलपूरच्या बाजारात तेव्हा बोडा किलोला हजाराच्या वर जातो. मी रोजंदारी दिली खरी, पण हा हिशेब जुळत नाही, हे आपल्या दोघींनाही कळतं.

तुमची अट एकच होती, जागा कुणाला कळता कामा नये. जनुकांची माहिती सगळ्यांसाठी खुल्या साठ्यात जमा करताना अक्षांश-रेखांशाचे रकाने समोर आले. मी नुसतं बस्तर लिहिलं आणि त्यावर दोन वेळा वाद घातला. या पत्रातही म्हणूनच तुमचं नाव नाही, गावाचंही नाही.

आलेखात या खेपेला दोन्ही सुळके आलेत. कागदावर छापून आणते. पहिली वीज कडाडली की निरोप धाडा.

तुमची,
डब्यातून धूर काढणारी पोर